यकृताची इजा आणि विषाची निवड

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कावीळ झाली की भुईआवळीचा रस किंवा एखाद्या गावचे झाडपाल्याचे औषध घेण्याची प्रथा आजही आहे. आणि कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, सांगलीचे अप्पासाहेब बिरनाळे कॉलेज ऑफ फार्मसी यांसारख्या संस्थांमुळे औषधांच्या शास्त्रीय परीक्षेचे शिक्षणही याच भागात मिळते. अशा वनस्पती यकृताचे रक्षण करतात का, हे तपासण्याची देशभर रूढ झालेली रीत म्हणजे प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांच्या यकृताला विषारी द्रव्याने इजा करायची आणि अर्क दिलेल्या व न दिलेल्या गटांची तुलना करायची. मात्र निष्कर्षाचा अर्थ बव्हंशी त्या विषावरच ठरतो.

सर्वाधिक वापर होतो तो कार्बन टेट्राक्लोराइडचा. १९२१ मध्ये अमेरिकेत मॉरिस हॉल यांनी अंकुशकृमींवर औषध म्हणून पुढे आणलेले हे द्रव्य तेलात मिसळून उंदराच्या उदरपोकळीत टोचतात. यकृतपेशींतील सायटोक्रोम पी-४५० गटातले एक विकर त्याचे मुक्त मूलकात, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील कणात, रूपांतर करते आणि हा कण पेशीपटलातील मेदाचा नाश करतो. हे विकर मध्यवर्ती शिरेभोवती अधिक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पेशी मेदाच्या थेंबांनी फुगलेल्या वा मेलेल्या दिसतात, तर प्रतिहारी शिरेलगतच्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. पॅरासिटामॉलची मोठी मात्राही अशाच विकरांमुळे घातक ठरते.

खरी मेख इथेच आहे. अर्क विषाच्या आधी दिला आणि त्याने केवळ ते विकर दडपले, तर विष तयारच होत नाही. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटी हे विकर कमी राहते आणि अर्क यकृतसंरक्षक ठरतो, पण आधीच आजारी असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

गॅलॅक्टोसमाइन हे दुसरे विष वेगळ्या वाटेने जाते. ते पेशीतील युरिडिनयुक्त संयुगे अडकवून ठेवते, त्यामुळे आरएनए आणि प्रथिनांची निर्मिती मंदावते. इजा यकृतभर विखुरते आणि तिचे रूप विषाणूजन्य यकृतदाहाच्या अधिक जवळ जाते. थायोॲसिटामाइड दीर्घकाळ दिल्यास तंतुमयता व सिऱ्होसिस निर्माण होते, म्हणून जुनाट विकारासाठी ते उपयोगी पडते.

२०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत पसरलेली कावीळ हिपॅटायटिस ई विषाणूची होती. हा आजार बहुतेक रुग्णांत आपोआप बरा होतो, गर्भवतींना मात्र त्याचा मोठा धोका असतो. अशा आजारावरील दाव्याला एकट्या कार्बन टेट्राक्लोराइडचा आधार अपुरा आहे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोगाचे समर्थन संस्थेच्या समितीपुढे करावे लागते; तेव्हा संशोधन मार्गदर्शकांनी निदान दोन भिन्न यंत्रणांची विषे वापरावीत आणि एका गटाला अर्क इजेनंतर देण्याचा आग्रह धरावा.