ब्रुकवूडला विसावलेले मुंबईकर

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून निघालं की तासाभराच्या आत सरे परगण्यातलं ब्रुकवूड येतं. स्टेशनाला लागूनच ब्रिटनमधली सर्वांत मोठी दफनभूमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॉलऱ्याने लंडनमध्ये हजारो माणसं दगावली, चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरली नाही. म्हणून एका कंपनीने 1854 मध्ये ही भूमी खुली केली आणि लंडनहून तिथवर खास आगगाडी सोडली. त्या गाडीत मृतांसाठीही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. शवपेटीचं तिकीट एकेरी, सोबतच्यांचं परतीचं. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात तिचं लंडनमधलं स्थानक उद्ध्वस्त झालं आणि ती गाडी बंद पडली.

आत शिरताच उंचच उंच सेक्वोया दिसतात. त्यांच्या बुंध्यावर तळवा दाबला, तर साल काथ्यासारखी आत दबते. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

मला पाहायचा होता पारशी विभाग. मुंबईत मलबार हिलला दखमा, म्हणजे पारशांची मृतदेह उघड्यावर ठेवण्याची जागा, आहे; विलायतेत तो नाही. तेव्हा पारशांनी 1862 मध्ये इथे स्वतंत्र जागा घेतली. 1904 मध्ये जर्मनीत वारलेले जमशेटजी टाटा इथेच आहेत. त्यांचे भाचे, बॅटर्सीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले कम्युनिस्ट शापुरजी सकलातवाला, यांच्या अस्थीही इथेच.

पण माझे पाय थबकले ते जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि त्यांच्या पत्नी मेहरबाई टाटांपाशी. 1931 मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी त्यांच्या नावाने त्या रोगाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला, स्वतःची संपत्तीही दुसऱ्या एका ट्रस्टला देऊन टाकली. 1932 मध्ये पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला ते मुंबईहून निघाले आणि वाटेत जर्मनीतच वारले. आता दोघं शेजारी आहेत. दोराबजींच्याच ट्रस्टने 1941 मध्ये परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभारलं. माझ्या वडिलांच्या आजारपणात तिथल्या बाकांवर आम्ही भावंडांनी किती दिवस काढले! ब्रुकवूडला हात आपोआप जोडले गेले.

लंडनला गेलात तर अर्धा दिवस इथे जरूर द्या. मात्र इथे आजही दफनविधी होतात. बोलायचं ते हळू आवाजात, आणि फोटो काढण्याआधी जवळपास कुणी शोकाकुल कुटुंब नाही ना, एवढं पाहा.