विश्लेषण : माईक वाटून घ्यायला नकार देणारे बॉबी तल्यारखान, भारतातील क्रीडा समालोचनाची सुरुवात कशी झाली?

नेर तालुक्यात शंकरपट असो की गावातले कबड्डीचे सामने, माईकवरचा माणूस चांगला नसेल तर अर्धी मजा जाते. धुरळ्यात मागच्यांना काही दिसत नाही. जोडी कुणाची, किती सेकंदांत आली, हे भोंग्यातूनच कळते. आता मोबाइलवर सामना लावला की समालोचनाची भाषाही निवडता येते. पण मैदानावर नसलेल्यांना खेळ ‘दाखवण्याचे’ हे काम भारतात पहिल्यांदा कोणी केले? आणि ऐन भरात असताना त्यांनी माईक का सोडला?

सुरुवात बॉक्सिंगपासून?

रेडिओवर खेळाचे थेट वर्णन सुरू झाले ते अमेरिकेत, आणि तेही बॉक्सिंगने. ११ एप्रिल १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने जॉनी रे आणि जॉनी डंडी यांची लढत प्रसारित केली. त्याच वर्षी २ जुलैला जॅक डेम्प्सी आणि जॉर्जेस कार्पेंटिए यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. तिचे वर्णन अँड्र्यू व्हाइट रिंगणाजवळ बसून टेलिफोनवर करत होते. दुसऱ्या टोकाला तंत्रज्ञ ओवेन स्मिथ ते शब्द प्रक्षेपकावरून पुन्हा बोलत होते. म्हणजे डोळे एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा! बॉक्सिंग यासाठी सोयीचेही होते. रिंगण छोटे, खेळाडू दोनच आणि लढत थोड्या वेळाची. क्रिकेटचे तसे नाही. तिथे दिवसभर बोलायचे असते.

भारतात पहिले समालोचन कोणाचे?

मुंबईत १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९३४ मध्ये, एस्प्लनेड मैदानावर पारशी विरुद्ध मुस्लिम हा चौरंगी स्पर्धेतील सामना रंगला. या सामन्याचे धावते समालोचन आर्देशीर फुर्दोरजी सोराबजी ऊर्फ ‘बॉबी’ तल्यारखान यांनी केले. भारतातील क्रिकेटचे हे पहिले धावते समालोचन मानले जाते. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ व्हायला तेव्हा आणखी दोन वर्षे होती.

ते इतके लोकप्रिय का झाले?

तल्यारखान इंग्रजीत बोलत आणि एकटेच बोलत. उपाहार आणि चहापान सोडले तर दिवसभर माईक त्यांच्याकडेच असे. शेजारी धावा सांगणारा तज्ज्ञ नाही की घोटभर पाणी प्यायला उसंत देणारा सहकारी नाही. आजच्यासारखे पुन्हा दाखवलेले दृश्यही मदतीला नव्हते. चेंडू क्षेत्ररक्षकाकडून परत गोलंदाजाच्या हातात येईपर्यंतचा वेळ शब्दांनी भरायचा आणि तरी ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे सोपे काम नव्हते. त्या काळात अनेकांसाठी क्रिकेट म्हणजे तल्यारखान यांचा आवाज होता.

मग १९४८ मध्ये काय बिनसले?

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. स्वतंत्र भारतातील ही पहिलीच कसोटी मालिका. ऑल इंडिया रेडिओने या मालिकेसाठी तीन समालोचकांचे पॅनेल नेमायचे ठरवले. तल्यारखान यांना माईक वाटून घेणे मान्य नव्हते. ते बाजूला झाले.

त्याची किंमत किती होती, हे फेब्रुवारी १९४९ मध्ये दिसले. त्यांच्याच मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर मालिकेतील शेवटची कसोटी झाली. भारतासमोर ३६१ धावांचे लक्ष्य होते. विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या. भारत ८ बाद ३५५ पर्यंत पोहोचला, आणि षटक पूर्ण होण्याआधीच पंचांनी खेळ थांबवला. विजय सहा धावांनी हुकला, सामना अनिर्णित राहिला. असा दिवस समालोचकाच्या आयुष्यात क्वचित येतो. त्या दिवशी माईक दुसऱ्यांकडे होता.

बरोबर कोण होते?

काळाने रेडिओच्या बाजूने कौल दिला. पाच दिवसांची कसोटी एका गळ्यावर चालवणे धोक्याचे होते. अनेक आवाज आले की नव्यांना संधी मिळते, एकाची चूक दुसरा सुधारतो. पण तल्यारखान यांच्या हट्टामागेही एक गोष्ट होती. दिवसभराच्या खेळाची गोष्ट एकच माणूस सांगतो तेव्हा तिला सलगपणा असतो. आज तीन-चार समालोचक आपसातच गप्पा मारू लागले आणि चेंडू राहून गेला की प्रेक्षक का वैतागतो, याचे उत्तर इथे आहे. तल्यारखान यांनी पुढे वृत्तपत्रांतून दीर्घकाळ स्तंभलेखन केले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी आवाज कोणी दिला?

इंग्रजी न कळणाऱ्या श्रोत्यासाठी हे दार उघडण्यात पुण्याच्या बाळ ज. पंडित यांचे नाव आघाडीवर आहे. ते महाराष्ट्राकडून रणजी क्रिकेट खेळले होते. आकाशवाणीवरील त्यांच्या मराठी समालोचनामुळे ‘पायचीत’, ‘त्रिफळाचीत’, ‘षटक’ हे शब्द पानटपरीवरच्या रेडिओतूनही ऐकू येऊ लागले. क्रिकेटवर त्यांनी विपुल मराठी लेखनही केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता काय बदलले?

२०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठीसह अनेक भाषांत समालोचन दिले. मराठी चमूत केदार जाधव होता. हंगाम सुरू असतानाच बेंगळुरूच्या संघाने त्याला खेळाडू म्हणून बोलावले आणि तो समालोचन कक्षातून थेट संघात गेला!

तल्यारखान यांच्या वेळी एक आवाज साऱ्यांसाठी होता. आज एकाच सामन्याला अनेक आवाज आहेत आणि निवड आपल्या अंगठ्याखाली आहे. कसोटी मात्र तीच, १९३४ ची : क्षणभर डोळे मिटा. मैदान दिसले, तर समालोचक चांगला.