लांडगा, बिस्किटं आणि माझी दांडी गुल!

व्हायवात बोलती बंद होणं आपल्याला नवीन नाही. पण चौथीतल्या मुलीने माझी दांडी गुल करावी?

झालं असं. दर रविवारी आम्ही काही हॉस्टेलवाले कॉलेजमागच्या वस्तीत मुलांना शिकवायला जातो. तिथला एक पोरगा दिसेल त्या कुत्र्याला दगड मारायचा. म्हटलं, आज कुत्र्याचीच गोष्ट सांगू. "माणसाने लांडगा पाळला, त्याला शिकवलं आणि त्याचा कुत्रा झाला!" मी ऐटीत सांगितलं.

ती मुलगी म्हणाली, "दादा, नंदीवाला बैलाला मान हलवायला शिकवतो. मग वासरू जन्मतःच मान हलवतं का?"

मी गप्प! शिकवलेलं पिल्लात उतरत नाही, हे तिला कळलं होतं, मला नाही.

पुढच्या रविवारी बिस्किटपुडा घेऊन गेलो. सोळा मुलं म्हणजे सोळा लांडगे. प्रत्येकाला 1 ते 16 पैकी एक चिठ्ठी. आकडा म्हणजे हा लांडगा माणसाच्या किती पावलं जवळ येऊ धजतो. मध्ये मी, म्हणजे माणूस. बिस्किटं आठच, जो जास्त जवळ येईल त्याला आधी. उरलेले आठ उपाशी, बाद. जगलेल्या प्रत्येकाला दोन पिल्लं : एक आई-बापापेक्षा एका आकड्याने धीट, दुसरं एका आकड्याने भित्रं. 1 च्या खाली मात्र जायचं नाही. बाद झालेली मुलं पिल्लं बनून परत खेळात.

चौथ्या फेरीला एकाचाही आकडा 3 च्या वर नव्हता! कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं. फक्त कोण जगलं, एवढंच बदललं होतं.

खरा लांडगा छावणीजवळच्या हाडांसाठी स्वतःहून आला की शिकाऱ्यांनी पिल्लं आणून वाढवली, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण निवडीची ताकद रशियात प्रत्यक्ष दिसली. 1959 मध्ये दिमित्री बेल्यायेव आणि ल्युडमिला त्रूत यांनी नोवोसिबिर्स्कजवळ कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले सर्वांत शांत कोल्हे तेवढे निवडायचे, बस्स. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्लं माणूस दिसला की शेपूट हलवायला, हात चाटायला लागली. पुढे काहींचे कानही लोंबू लागले!

आणि मेसमागची पोळी? 2013 च्या एका संशोधनात दिसलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. आपल्या पोळी-भाकरीने त्याचं पोटसुद्धा बदललं म्हणायचं!

शेवटी मुलांना जर्मनीतल्या बॉनजवळची गोष्ट सांगितली. तिथे 1914 मध्ये सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं दफन सापडलं : एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत एक कुत्र्याचं पिल्लू. दातांवरून कळतं, की ते फार आजारी होतं. माणसांनी शुश्रूषा केली म्हणूनच ते काही आठवडे जगलं असावं.

दगडवाला पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे जे भित्रे होते ते जंगलातच राहिले. हा आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचा पोरगा आहे."

मित्रहो, ही व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती.

चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठायचा, हेही मुलांना पाठ करून घेतलंय. भरवसा दोन्हीकडून हवा, पण इंजेक्शन चुकवायचं नाही!