जुन्या किराणा दुकानाचं गावसंग्रहालय करताना

गावातलं बंद किराणा दुकान पाडण्याआधी आतल्या वस्तू भंगारात घालू नका. शेर, अधोली, पायली, तागडी, उधारीची वही हा गावचाच इतिहास आहे. चार शेरांची एक पायली, १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे म्हणजे ६४ पैसे. मापं-नाणी हातात घेतली की पोरांना हे पटकन समजतं.

आधी मालकाशी लेखी करार आणि ग्रामसभेचा ठराव करा. प्रत्येक वस्तूला नंबर देऊन ती कुणी दिली, कशाला वापरायचे, ते लिहून ठेवा. पितळी मापं घासू नका, शिक्के झिजतात. फाटक्या वहीला चिकटपट्टी लावू नका. आणि उधारीची पानं नावं झाकूनच मांडा. आजोबाची उधारी नातवाला चारचौघांत वाचावी लागू नये.