वाळुंज आणि त्याचे परदेशी भावंड

जमिनीकडे झुकलेल्या लांब फांद्यांचे विलोचे झाड आपल्या बागेत असावे, अशी हौस पुष्कळांना असते. त्या हौसेपायी लोंबत्या फांद्यांचे एखादे रोप विकत आणले जाते. पुढे त्याला कुंचल्यासारखी लाल फुले आली, म्हणजे तो ऑस्ट्रेलियातील बॉटलब्रश होता, हे ध्यानात येते! खऱ्या विलोला अशी फुले नसतात. त्याला बारीक, मऊ तुरे येतात आणि नर व मादी ही झाडे निरनिराळी असतात.

हे झाड आपल्याकडे अगदीच परके आहे असेही नव्हे. सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी उभा असलेला वाळुंज याच सॅलिक्स प्रजातीतील होय. लोंबता विलो मात्र मूळचा चीनचा. अठराव्या शतकात लिनीयसने त्याला ‘बॅबिलोनिका’ हे नाव दिले ते गैरसमजाने. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान यहुद्यांनी ज्या झाडांवर वीणा टांगल्याचे १३७ व्या स्तोत्रात सांगितले आहे, तेच हे झाड, असे त्याला वाटले. फरात नदीकाठची ती झाडे बहुधा पॉप्लरच्या जातीची असावीत, असे आता मानतात. चूक उमगली तरी नाव राहिले.

विलोची लागवड फार सोपी आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, सुमारे वीतभर लांबीची काडी घेऊन तिचा दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत खोचावा. शेंड्याकडची बाजू वर राहील एवढे पाहावे. काडीच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीच दडलेले असल्याने ती सहसा दगा देत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीत पाने गळल्यावर, नवे डोळे फुटण्यापूर्वी हे काम करावे. काडी नर झाडाची मिळाल्यास उत्तम. मादी झाडाच्या बियांचा कापूस वाऱ्यावर उडून घरभर होतो.

खरा प्रश्न जागेचा आहे. या झाडाची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर जातात. धड असलेला नळ ती फोडीत नाहीत. पण सांध्यातून थोडी जरी गळती असली, तरी त्या ओलीच्या मागाने केसासारखे तंतू आत शिरतात, आत जाड होतात आणि मोरी तुंबते. म्हणून घर, विहीर व सांडपाण्याची टाकी यांपासून निदान ४० फूट अंतर असावे. एवढी जागा नसेल, तर हौस आवरलेली बरी. वाळुंजाला तर ओढ्याचा काठच मानवतो. तेथे हीच मुळे माती धरून ठेवतात.

रोप लहान असताना एकच शेंडा राखून तो काठीला बांधावा आणि पुरुषभर उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढून टाकाव्यात. झाड झपाट्याने वाढते, परंतु लाकूड ठिसूळ असल्याने वादळात फांद्या मोडतात. मोठी छाटणी पाने गळल्यावरच करावी. कोवळ्या पानांवर मावा पडल्यास पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळी पुरतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मात्र हयगय नको. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालून, आळे सुकण्यापूर्वीच भरपूर पाणी द्यावे.