कुतूहल : जॅग्वारचा ठिपका का होतो?

झाडावरचा पक्षी डोळ्यांना चांगला दिसतो, मोबाइलच्या फोटोत मात्र ठिपका. मोबाइलची लेन्स रुंद दृश्य टिपते. त्यात पक्ष्याच्या वाट्याला जागा ती किती येणार? खिडकीपासून मागे सरकलं की बाहेरचं कमी दिसतं, तसंच लेन्सचं नाभीय अंतर, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा, वाढलं की दृश्य आवळतं, आणि तेवढाच तुकडा सेन्सरभर पसरतो.

ब्राझीलच्या पांतानालमध्ये कुयाबा नदीकाठी पहुडलेला जॅग्वार 50ऐवजी 400 मिलिमीटरच्या लेन्सने आठपट मोठा दिसतो. होडीचा हेलकावाही आठपट! म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. चिलीच्या पातागोनियातल्या तोरेस देल पाइनेचे सुळके तळ्यासकट मावायला मात्र 24 मिलिमीटरच बरी.

माझ्या मते अशा प्रवासाला 24-105 आणि 100-400 एवढ्या दोन लेन्स पुरेत. पातागोनियाच्या वाऱ्यात उघड्यावर लेन्स बदलू नका. धूळ थेट सेन्सरवर बसते.