भेटकार्डे करा, पण सांभाळून!

दिवाळी जवळ आली, की माझ्या दवाखान्यातल्या पेशंटची जातकुळी बदलते. पावसाळ्यातले ताप, जुलाब मागे पडतात आणि बोटाला चिंधी गुंडाळलेली मंडळी येऊ लागतात. कुणाला आकाशकंदिलाच्या कामट्या तासताना चाकू लागलेला, कुणाच्या नखात बांबूचे कुसळ गेलेले, तर कुणाची दोन बोटे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने एकमेकांना घट्ट धरून बसलेली! सहामाही परीक्षा संपलेली असते, बाईंनी 'घरी भेटकार्ड करून आणा' म्हणून सांगितलेले असते आणि घरोघरी कात्र्या बाहेर निघतात.

गेल्याच आठवड्यात एक आई दवाखान्यात मुलीला रागावत होती. "आता शुभेच्छा मोबाइलवर जातात. कशाला हवाय हा कागदाचा पसारा?" मुलीच्या अंगठ्याला मी पट्टी बांधत होतो. म्हटले, "अहो ताई, करू द्या तिला. पसारा आवरता येतो. हाताला लागलेली सवय मात्र बाजारात विकत मिळत नाही." त्यांना ते पटले की नाही कोण जाणे! पण तेव्हाच ठरवले, की या आठवड्यात वाचकांशी याच विषयावर बोलायचे. हातांनी काही करणे हे औषध आहे आणि औषध म्हटले, की पथ्य आलेच. दोन्ही बाजू सांगतो.

बाइंडर अण्णांचा हात

आमच्या गल्लीत अण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात बाइंडिंग केले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वेळेवर इस्पितळात नेले म्हणून जीव वाचला. महिन्याभरात काठी घेऊन चालू लागले. हात मात्र मांडीवर पडून राहायचा.

फिजिओथेरपिस्टने रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो चेंडू अण्णांनी कपाटावर ठेवून दिला. "डॉक्टर, हा पोरखेळ मला सांगू नका," असे ते मला म्हणाले. आणि खरे सांगायचे, तर मीही फार आग्रह केला नाही. सहा आठवडे मी दर खेपेला त्यांचा रक्तदाब तपासत होतो, गोळ्या लिहून देत होतो आणि दारातून निरोप देताना 'व्यायाम करता ना?' असे विचारत होतो. ते मान हलवायचे. हात हातात घेऊन पाहण्याची तसदी मी घेतली नाही, ही माझी चूक.

काम केले ते त्यांच्या नातीने. शाळेसाठी दहा भेटकार्डे करायची होती आणि जाड कागदाची घडी तिला सरळ जमत नव्हती. बाइंडर माणसाला वाकडी घडी सहन होईना. अण्णांनी डाव्या हाताने कागद ओढून घेतला, उजवा हात उचलून वजनासारखा कागदावर ठेवला आणि डाव्या हाताने घडी घातली. दुसऱ्या दिवशी नातीने मुद्दाम आणखी कागद आणले. आठवडाभराने उजवी बोटे कागदाची कड धरू लागली. मग अण्णा स्वतःच मला दाखवायला आले. मी त्यांना व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी हाच धागा पकडून कामे ठरवून दिली: आधी मोठे कागद, मग लहान, मग दोरा ओवणे, मग चिमटीने टिकल्या उचलणे.

चार महिन्यांनी अण्णा सदऱ्याची बटणे स्वतः लावू लागले. भाकरीचा तुकडा उजव्या हाताने मोडू लागले. सही अजून पूर्वीसारखी येत नाही, आणि येईल असे खोटे आश्वासन मी त्यांना दिलेले नाही.

यात चमत्कार नाही. झटक्यात मेंदूचा काही भाग निकामी होतो. पण उरलेला मेंदू नवे मार्ग शिकू शकतो. मात्र त्याला शिकवणी लागते आणि ती म्हणजे तीच हालचाल शेकडो वेळा करणे. नुसता चेंडू दाबायला माणूस कंटाळतो. हाती वस्तू तयार होत असली, की शंभर वेळा केलेली हालचालही मोजली जात नाही. शिवाय कार्ड करताना एक हात धरतो, दुसरा कापतो, डोळा रेघ पाहतो आणि मन पुढचे ठरवते. सगळ्यांची एकत्र कवायत होते.

हे शास्त्र आपल्याकडचेही

हातकामातून उपचार करण्याचे रीतसर शिक्षण आपल्या देशात सुरू झाले ते मुंबईत. १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय निघाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी. फलटणला आज त्यांच्या नावाची शाळा आहे.

भेटकार्डांचे आणि आरोग्याचे नातेही जुने आहे. छापील नाताळ-कार्डाची प्रथा १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी सुरू केली. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते १९४९ सालचे कार्ड. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफची मदत चेकोस्लोवाकियातल्या एका गावी पोहोचली. तिथल्या यित्का सामकोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले. कागद नव्हता म्हणून काचेवर रंगवले! तेच युनिसेफचे पहिले भेटकार्ड झाले आणि पुढे अशा कार्डांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा राहिला.

दुसरे उदाहरण जर्मन चित्रकार एरिक श्टेगमान यांचे. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही हात गेले. ते तोंडात ब्रश धरून चित्रे काढीत. १९५६ साली त्यांनी तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची संघटना उभारली. त्या कलावंतांची कार्डे आपल्याकडेही अनेकांच्या घरी आलेली असतील. ही कार्डे दयेपोटी घ्यायची नसतात, चित्र आवडले म्हणून घ्यायची असतात.

आता पथ्य: तो चपटा सेल

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. सातवीतल्या एका मुलीने 'उजळणारे' कार्ड केले होते. आत छोटा दिवा आणि नाण्याएवढा चपटा सेल. कार्ड उघडले, की पणती पेटायची. कल्पना सुरेख, पण सेल नुसत्या चिकटपट्टीने लावलेला.

त्या दिवशी संध्याकाळी तिची आई धाकट्याला घेऊन आली. सव्वा वर्षाचे पोर. लाळ गळत होती, दूध घेत नव्हते, मधूनच खोकत होते. मी बॅटरीने घसा पाहिला. किंचित लाल दिसला. दात येत असतील, घसाही आला असेल, असे म्हणून मी सिरप लिहून दिले. आई उठलीसुद्धा. तेवढ्यात दाराशी उभी असलेली ती मुलगी रडत म्हणाली, "काका, माझ्या कार्डातला सेल सापडत नाहीये. दुपारपासून."

माझ्या पाठीतून कळ गेली. लगेच एक्स-रे काढायला लावला. अन्ननलिकेच्या वरच्या भागात गोल सावली होती. नाण्याची कड एकेरी दिसते. ही दुहेरी होती, गोलात गोल. तो सेलच होता. गाडी करून त्याला थेट शहरात पाठवले आणि तिथल्या डॉक्टरांना आधी फोन केला. रात्री दुर्बिणीतून सेल काढला, तेव्हा तो गिळून पाच तास तरी झाले असावेत. आतली बाजू भाजली होती. पोराला नऊ दिवस इस्पितळात नळीने दूध द्यावे लागले. आज ते बरे आहे. पण मुलगी दाराशी बोलली नसती, तर मी त्याला सिरपची बाटली देऊन घरी पाठवले असते, हे मी विसरू शकत नाही.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. असा सेल अन्ननलिकेत अडकला, की ओल्या जागी वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्क तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजते. 'शौचावाटे पडून जाईल' म्हणून वाट पाहू नये. ओकारी काढू नये. जेवण, केळे, भात काही भरवू नये. मूल वर्षाच्या वरचे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर इस्पितळाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे (१० मिली) मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मध शोधण्यात वेळ घालवू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. नाकात किंवा कानात सेल गेला असेल, तरी तितकीच घाई करावी. गाणी म्हणणारी कार्डे, बॅटरीवरच्या पणत्या, खेळणी या सगळ्यांत असे सेल असतात. त्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे आणि संपलेला सेलही लहान मुलांच्या हाती लागता कामा नये.

लहानसहान अपघात

*कापले तर:* जखम वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरा आणि हात वर ठेवा. दर मिनिटाला उघडून पाहू नका. हळद, चुना, कॉफी भरू नका. ते काढता काढता आमचा जीव जातो. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवून सांगा. दर जखमेला नवे लागतेच असे नाही.

*झटपट गोंद:* बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू फिरवत सोडवा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा, पापण्या बळेच उघडू नका आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा. नेलपॉलिश काढायचे द्रावण डोळ्याजवळ नेऊ नका. हा गोंद सुती कापडावर सांडला, तर तापून चटका देतो, हेही ध्यानात असू द्या.

*गरम गोंदाची बंदूक:* चटका बसल्यास वीस मिनिटे नळाखाली धरा, चिकटलेला गोंद उपटू नका. मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांनी हे हत्यार हातात घेऊच नये.

*मणी आणि टिकल्या:* लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे असे समजा. काडीने, हेअरपिनने काढायला जाऊ नका. वस्तू आणखी आत जाते. चमकी डोळ्यात गेली तर चोळू नका, पाण्याने धुवा.

*खळ:* गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ सर्वांत निर्धोक. पण कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असते. घरात मुले असतील तर ते घालू नका. लागेल तेवढीच ताजी खळ करा.

एक सोपे कार्ड

घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच. त्यांचा कागद जाड आणि देखणा असतो. कोऱ्या बाजूचा चौकोन कापून मधोमध घडी घाला. घडीवरून चमच्याची पाठ घट्ट फिरवली, की कड छापखान्यासारखी बसते. ही अण्णांची युक्ती. भेंडी आडवी कापून रंगात बुडवा आणि ठसे उमटवा, पाच पाकळ्यांची फुले तयार! पिंपळाच्या किंवा जास्वंदीच्या पानाच्या मागच्या बाजूला रंग लावून दाबले, तर शिरा न् शिरा उमटते. वयस्कर मंडळींनी चांगल्या उजेडात, चष्मा लावून, टेबलावर बसून काम करावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. पाच वर्षांखालच्या मुलांना बोथट टोकाची कात्री द्यावी आणि आपण शेजारी बसावे. आत मजकूर मात्र स्वतःचा लिहावा. दोन ओळी पुरेत.

त्या सातवीतल्या मुलीबद्दल सांगायचे राहिले. भावाच्या आजारपणानंतर घरात तिला सगळे बोलले. तिने रंग, कात्री सारे माळ्यावर टाकून दिले. मी तिच्या वडिलांना बोलावून सांगितले, "सेल हरवल्याचे तिने कबूल केले म्हणून तुमचा मुलगा वाचला. तिला शिक्षा केलीत, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल." वडील काही बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीत कंपाउंडरने माझ्या टेबलावर एक पाकीट आणून ठेवले. आत पिंपळपानाचा हिरवा ठसा होता, एका बाजूला जरा पुसट. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'यात सेल नाही.'

ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. लाळ गळणारे, न गिळणारे मूल समोर आले, की मी आधी त्याच्याकडे पाहतो आणि मग विचारतो, "घरात एखादा सेल हरवला आहे का?"